ब्राउझर आणि सर्च इंजिन यांच्यातले करार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्राउझर तर फुकट मिळतो. मग तो बनवणाऱ्यांचा खर्च कोण भागवतं?

बहुतेक वेळा सर्च इंजिन. अ‍ॅड्रेस बारमध्ये शब्द टाइप करून एंटर दाबलं की ते शब्द कोणाकडे जायचे हे ब्राउझर आधीच ठरवून ठेवतो. ती जागा भाड्याने दिलेली असते. गूगल, बिंग, डकडकगो, यांडेक्स, बायडू यांच्यापैकी कोणीतरी ती घेतो आणि तिथून आलेल्या शोधांवर जाहिरातीचे जे पैसे मिळतात त्यातला वाटा ब्राउझरवाल्यांना देतो.

ही सोय जुनी आहे. ऑपेरा एके काळी विकत घ्यावा लागायचा, नाहीतर वरच्या बाजूला जाहिरातीची पट्टी सोसावी लागायची. सप्टेंबर २००५ मध्ये ती पट्टी गेली आणि ब्राउझर सगळ्यांना फुकट झाला, कारण गूगलशी झालेल्या कराराचे पैसे यायला लागले होते. फायरफॉक्सची पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली, तीही गूगलला शोधाची जागा देऊनच.

हे पैसे नेमके कशावर मोजतात? मी शोधलं की लगेच पैसे मिळतात का?

नाही. नुसत्या शोधाला सहसा किंमत नसते, जाहिरातीवरच्या क्लिकला असते. 'आजची तिथी' असं शोधलंत तर जाहिरात दिसायचीच नाही. 'टर्म इन्शुरन्स' शोधलंत तर वरच्या तीन-चार ओळी जाहिरातीच्याच असतील आणि त्यातली एक क्लिक महागात विकली गेलेली असेल.

हिशेब समजावा म्हणून मानलेले आकडे घेऊ. एका ब्राउझरमधून १,००० शोध झाले, त्यात ३० वेळा जाहिरातीवर क्लिक झाली आणि दर क्लिकला सरासरी ५ रुपये मिळाले. एकूण १५० रुपये. करारात वाटा ३६ टक्के ठरला असेल तर ५४ रुपये ब्राउझरवाल्याचे, उरलेले सर्च इंजिनचे. मोठ्या करारांत याशिवाय किमान रकमेची हमीही असू शकते. जाहिराती कमी चालल्या तरी तेवढे पैसे द्यायचेच.

अमेरिकेतल्या एका क्लिकला जाहिरातदार जे मोजतो त्याच्या जवळपासही मराठी शोधाची क्लिक जात नाही. म्हणून हे करार देशागणिक वेगळे असतात आणि खरी ओढाताण श्रीमंत बाजारपेठांसाठीच होते.

उदाहरणात ३६ टक्केच का घेतले?

कारण हा आकडा खरा आहे आणि तो चुकून बाहेर आला. अमेरिकेच्या न्याय खात्याने २० ऑक्टोबर २०२० रोजी गूगलवर मक्तेदारीचा खटला भरला. २०२३ च्या शरद ऋतूत वॉशिंग्टनमध्ये सुनावणी चालू असताना गूगलच्याच बाजूने आलेले अर्थशास्त्रज्ञ केव्हिन मर्फी भर कोर्टात बोलून गेले, की अ‍ॅपलच्या सफारी ब्राउझरमधून होणाऱ्या शोधांच्या जाहिरात-उत्पन्नातला ३६ टक्के वाटा गूगल अ‍ॅपलला देतं. इतकी वर्षं दोन्ही कंपन्यांनी जिवापाड जपलेला आकडा होता तो. थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका खटल्यात सुंदर पिचाई यांनीही त्याला दुजोरा दिला.

५ ऑगस्ट २०२४ रोजी न्याय खात्याच्या खटल्यात गूगलला दोषी ठरवणारा न्यायाधीश अमित मेहता यांचा निकाल आला तेव्हा बाकीचं चित्रही उघड झालं. २०२२ या एका वर्षात गूगलने अ‍ॅपलला अंदाजे २० अब्ज डॉलर दिले. अशा सगळ्या जागांसाठी, म्हणजे ब्राउझर, फोन बनवणाऱ्या कंपन्या आणि मोबाइल सेवा पुरवणाऱ्या कंपन्या मिळून, २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर मोजले.

दोन टिचक्यांत बदलता येणाऱ्या गोष्टीसाठी कोणी इतके पैसे का देईल?

कारण त्या दोन टिचक्या बहुतेक लोक मारत नाहीत. सगळ्यात बोलका पुरावा त्याच निकालात आहे. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये आधीपासून बिंग लावलेलं असतं. त्या एका ब्राउझरमध्ये बिंगचा वाटा सुमारे ८० टक्के आहे आणि गूगलचा २०. एरवी अमेरिकेतल्या एकूण शोधांपैकी जवळपास ९० टक्के गूगलकडे जातात. माणसं तीच, गरजा त्याच, फक्त पहिली निवड दुसऱ्याने करून ठेवलेली.

मायक्रोसॉफ्टने अ‍ॅपलला जाहिरातीच्या उत्पन्नातला ९० टक्के वाटा देऊ केला होता, वेळ पडली तर १०० टक्के द्यायचीही तयारी होती. तरी अ‍ॅपलने तो करार केला नाही. ३६ टक्के घेऊनही गूगलकडून मिळणारी रक्कम जास्त भरत होती आणि शोधाचा दर्जा खालावला तर गिऱ्हाईक आयफोनलाच बोल लावील ही धास्ती होती.

म्हणजे जागा विकत घेतली की लोक निमूट वापरतात?

नेहमी नाही. फायरफॉक्स आणि याहू यांचं प्रकरण यासाठीच नीट बघावं.

नोव्हेंबर २०१४ मध्ये फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने गूगलची साथ सोडून अमेरिकेपुरता याहूशी पाच वर्षांचा करार केला. वर्षाला ३७.५ कोटी डॉलर. डिसेंबरमध्ये आलेल्या फायरफॉक्स ३४ पासून तिथल्या लोकांच्या शोधाच्या चौकटीत याहू दिसायला लागलं. रशियात यांडेक्स आणि चीनमध्ये बायडू अशीही व्यवस्था झाली. त्या दिवसांत एकाच कंपनीवर विसंबून न राहण्याचा हा निर्णय धाडसाचा होता आणि तो हेतूने चांगलाच होता.

अडचण अशी झाली की लोकांना निकाल आवडले नाहीत. बरेच जण सेटिंगमध्ये जाऊन गूगलवर परतले. याहू ठरलेले पैसे देत राहिलं, पण हाती येणारे शोध घटत गेले. करारात एक कलम होतं: याहू कोणाला विकलं गेलं आणि तो खरेदीदार मोझिलाला पसंत नसला तर मोझिलाने बाहेर पडावं, तरीही २०१९ पर्यंतचे पैसे मिळावेत. २०१७ मध्ये व्हेरायझन या अमेरिकी दूरसंचार कंपनीने याहू घेतलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फायरफॉक्सची 'क्वांटम' ही नवी आवृत्ती आली ती गूगल घेऊनच, आणि डिसेंबरमध्ये दोन्ही बाजू एकमेकींविरुद्ध कोर्टात उभ्या राहिल्या.

म्हणून असे करार करताना तीन कलमं सगळ्यात आधी वाचायची: करार किती देशांना लागू, किमान हमी किती, आणि मालक बदलला तर काय. दर्जाचं मात्र कोणत्याही कलमाने ठरत नाही. ते लोक ठरवतात.

माझा शोध कोणत्या ब्राउझरमधून आला हे सर्च इंजिनला कसं कळतं?

पत्त्यात शेपूट जोडलेलं असतं. फायरफॉक्सच्या अ‍ॅड्रेस बारमधून गूगलवर काहीतरी शोधा आणि निकालाच्या पानाचा पूर्ण पत्ता उलगडून बघा. तुमच्या शब्दांच्या आसपास 'क्लायंट' असा इंग्रजी शब्द, बरोबरचं चिन्ह आणि त्यापुढे 'फायरफॉक्स-बी-डी' असं काहीतरी दिसेल. तोच भागीदाराचा कोड. महिनाअखेरीस गूगल या कोडाखाली आलेल्या क्लिक मोजतं. उबुंटूमधल्या (विंडोजऐवजी वापरायची, लिनक्सवर बेतलेली फुकट प्रणाली) फायरफॉक्समध्ये त्याच जागी 'उबुंटू' दिसलं तर बिचकू नका. लिनक्सची वितरणं स्वतःचा कोड लावतात आणि वाटा घेतात. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने २०१० च्या जानेवारीत याहूशी करार जाहीर केला होता आणि एप्रिलमध्ये, आवृत्ती बाहेर पडण्याआधीच, पुन्हा गूगल लावलं.

मोझिला अशा शोधांचे तीन ढीग करते. कोड असलेला पहिला शोध, त्याच निकालपानावरच्या चौकटीत केलेला पुढचा शोध (कोड टिकून राहतो), आणि स्वतः गूगलच्या मुखपृष्ठावर जाऊन केलेला शोध. तिसऱ्यात कोड नसतो, मोझिलाला पैसे मिळत नाहीत. तुम्हाला फायरफॉक्स टिकावा असं वाटत असेल तर मुखपृष्ठाचा बुकमार्क सोडा आणि अ‍ॅड्रेस बारमधूनच शोधा. एवढ्या छोट्या सवयीचा खरंच उपयोग होतो.

हा कोड म्हणजे माझ्यावर पाळत आहे का?

नाही. तो फायरफॉक्स वापरणाऱ्या सगळ्यांना सारखाच असतो, त्यावरून तुमचं नाव निघत नाही. काळजी करायचीच तर शोध-सूचनांची करा. तुम्ही टाइप करत असता तेव्हा प्रत्येक अक्षर सर्च इंजिनकडे जात असतं, एंटर दाबायच्या आधीच. घाईत पासवर्ड किंवा आधार क्रमांक चुकून अ‍ॅड्रेस बारमध्ये चिकटवला तर तोही जाऊ शकतो.

बंद करायचं असेल तर फायरफॉक्समध्ये 'सेटिंग्ज', मग 'सर्च', आणि सूचना दाखवण्याच्या खुणेवरची बरोबरची टिक काढा. क्रोममध्ये हे गूगलच्या सेवांच्या विभागात 'इम्प्रूव्ह सर्च सजेशन्स' नावाने आहे. आयफोनवर सफारीच्या सेटिंगमध्ये 'सर्च इंजिन सजेशन्स'.

कोड लावण्याची मर्यादा कुठे संपते?

तुम्ही शब्द शोधलात तर कोड लावणं रास्त आहे, ते सगळे ब्राउझर उघडपणे करतात. तुम्ही स्वतः एखाद्या साइटचा पूर्ण पत्ता टाइप केलात तर त्याला हात लावणं गैर. जून २०२० मध्ये ब्रेव्ह ब्राउझर नेमका इथे चुकला. बायनान्स या क्रिप्टो बाजाराचा पत्ता टाइप करणाऱ्यांना आपोआप पूर्ण होणाऱ्या पत्त्यात कमिशनचा कोड जोडून मिळत होता. ओरड झाल्यावर ब्रेव्हचे प्रमुख ब्रेंडन आइख यांनी चूक मान्य केली आणि ते काढून टाकलं.

दुसरी मर्यादा कराराच्या कागदांत लपते. डकडकगोचे बरेचसे निकाल मायक्रोसॉफ्टच्या बिंगकडून येतात. मे २०२२ मध्ये एका संशोधकाच्या लक्षात आलं, की डकडकगोचा स्वतःचा मोबाइल ब्राउझर बाकीच्या कंपन्यांचे, आपला माग काढणारे प्रोग्रॅमचे तुकडे अडवतो, पण मायक्रोसॉफ्टचे काही सोडतो. कारण होतं निकाल पुरवण्याच्या करारातलं कलम. ऑगस्टमध्ये कंपनीने ते बरंचसं दुरुस्त केलं. खासगीपणा जपणाऱ्या सेवेनेही कोणाशी काय लिहून दिलंय हे विचारायला हवं.

सर्च इंजिन बदलायचं कसं?

अँड्रॉइडवर क्रोम: उजवीकडचे तीन ठिपके, 'सेटिंग्ज', 'सर्च इंजिन', यादीतून निवडा. हवं ते नाव दिसत नसेल तर आधी त्या सर्च इंजिनच्या साइटवर जाऊन एक शोध करा, मग परत या. एक लक्षात ठेवा, होम स्क्रीनवरची गूगलची पट्टी यामुळे बदलत नाही. ती क्रोमची नाही, गूगल अ‍ॅपची आहे. तिच्यावर बोट दाबून धरून ती निघत असेल तर काढा आणि हव्या त्या ब्राउझरचं विजेट ठेवा.

आयफोन: 'सेटिंग्ज', 'अ‍ॅप्स', 'सफारी', 'सर्च इंजिन'. जुन्या आवृत्तीत सफारी थेट सेटिंग्जच्या मुख्य यादीत सापडेल. खासगी ब्राउझिंगसाठी वेगळं सर्च इंजिन लावायची सोय तिथेच खाली आहे आणि ती अनेकांच्या नजरेतून सुटते.

फायरफॉक्स: 'सेटिंग्ज', 'सर्च', 'डिफॉल्ट सर्च इंजिन'.

एज: इथे दोनदा बदलावं लागतं, आणि 'बदललं तरी बिंगच उघडतं' ही तक्रार त्यामुळेच येते. सेटिंग्जमधल्या खासगीपणा आणि शोधाच्या विभागात 'अ‍ॅड्रेस बार अँड सर्च' उघडा. पहिल्या ओळीत सर्च इंजिन बदला. मग नव्या टॅबवरचा शोध कशातून व्हावा हे विचारणारी ओळ शोधा आणि तिथे 'अ‍ॅड्रेस बार' निवडा. ही दुसरी पायरी राहिली तर नव्या टॅबच्या मधोमध असलेली चौकट बिंगचीच राहते.

मराठी विकिपीडियात थेट शोधायचं आहे. करार नसलेलं सर्च इंजिन जोडता येतं का?

येतं. फायरफॉक्समध्ये मराठी विकिपीडिया उघडून अ‍ॅड्रेस बारवर राइट क्लिक केलं की ते जोडण्याचा पर्याय दिसतो. क्रोममध्ये हाताने करावं लागतं: आधी विकिपीडियात 'पुरणपोळी' शोधा, निकालाचा पत्ता कॉपी करा, सर्च इंजिनच्या सेटिंगमध्ये 'साइट सर्च'खाली 'अ‍ॅड' दाबा आणि पत्ता चिकटवा. आता त्या पत्त्यात पुरणपोळीच्या जागी टक्क्याचं चिन्ह आणि त्याला लागून छोटं इंग्रजी 'एस' लिहा. देवनागरी शब्द पत्त्यात टक्के-चिन्हांच्या लांबलचक माळेसारखा दिसतो. ती माळ अख्खी काढायची, अर्धी राहिली तर प्रत्येक शोधात कचरा मिसळतो. शॉर्टकट म्हणून 'वि' ठेवा. मग 'वि', टॅब, शब्द, एंटर.

माझं सर्च इंजिन आपोआप बदललं. हा कुठल्या कराराचा भाग आहे?

कुठल्याच सरळ कराराचा नाही. बहुतेक वेळा हे एखाद्या एक्स्टेन्शनचं, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रॅमचं काम असतं: पीडीएफ बदलून देणारं, कूपन दाखवणारं, व्हिडिओ उतरवणारं. ते तुमचा शोध आधी स्वतःच्या पत्त्यावर नेतं, मग दोन-तीन मध्यस्थांमधून फिरवून एखाद्या मोठ्या सर्च इंजिनच्या निकालांवर सोडतं. निकाल ओळखीचे दिसतात म्हणून संशय येत नाही, पण जाहिरातीचा वाटा त्या साखळीत वाटला जातो. ओळखायची खूण म्हणजे एंटर दाबल्यावर अ‍ॅड्रेस बारमध्ये क्षणभर अनोळखी नाव चमकून जातं.

उपाय असा. सगळी एक्स्टेन्शन बंद करा, सर्च इंजिन परत लावा, मग एक-एक चालू करत जा. ज्यानंतर बदल होईल ते काढून टाका. एवढ्याने भागलं नाही आणि घरच्याच कॉम्प्युटरवर क्रोम 'तुमच्या संस्थेने व्यवस्थापित केलेला' असं सांगत असेल तर अ‍ॅड्रेस बारमध्ये इंग्रजीत क्रोम, विसर्गासारखे दोन ठिपके, दोन तिरप्या रेघा आणि पॉलिसी असं टाइप करा. तिथे 'डिफॉल्ट सर्च प्रोव्हायडर'ने सुरू होणाऱ्या ओळी दिसल्या तर कोणत्यातरी प्रोग्रॅमने विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे तिच्या सेटिंग साठवण्याच्या जागेत, नियम घुसवला आहे. आधी तो प्रोग्रॅम काढायचा, मग नियम. उलट्या क्रमाने केलंत तर रीस्टार्टनंतर नियम परत येऊ शकतो.

ऑफिसच्या लॅपटॉपवर हाच संदेश दिसला तर काही करू नका. तो खरंच संस्थेने लावलेला असतो.

भारतात या करारांवर काही बंधन आहे का?

आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइड प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि नवा फोन सुरू करतानाच सर्च इंजिन निवडू द्यावं असा आदेश दिला. जानेवारी २०२३ मध्ये गूगलने नव्या अँड्रॉइड फोन आणि टॅबलेटवर निवडीचा पडदा आणण्याचं जाहीर केलं. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, दहापैकी चार निर्देश मात्र रद्द केले.

हा पडदा सेटअपच्या घाईत येतो. दुकानदार स्वतःच 'पुढे, पुढे' दाबत फोन सुरू करून देतो आणि तुमची निवड त्याच्या बोटाने होऊन जाते. नवीन फोन शक्यतो स्वतः सुरू करा.

युरोपातला अनुभव उपयोगाचा आहे. तिथे २०१८ मध्ये गूगलला ४.३४ अब्ज युरोचा दंड झाला (पुढे कोर्टाने तो ४.१२५ अब्ज केला). मार्च २०२० पासूनच्या पडद्यावर जागा मिळवायला सर्च इंजिनांनी लिलावात बोली लावायची होती. लहान आणि समाजोपयोगी सेवा त्यात मागे पडल्या, हे उघडच होतं. सप्टेंबर २०२१ पासून ती जागा फुकट केली गेली. निवड द्यायची आणि निवडीच्या यादीतली जागाही विकायची, हे तत्त्वालाच सोडून होतं.

कोर्टाने गूगलला दोषी ठरवलं, मग हे पैसे थांबले का?

थांबले नाहीत. २ सप्टेंबर २०२५ रोजी मेहता यांनी उपाययोजना सांगितली. क्रोम विकावा लागणार नाही, पैसे देता येतील, पण 'फक्त आमचंच लावा' असे करार करता येणार नाहीत, आणि शोधाचा काही डेटा पात्र स्पर्धकांना द्यावा लागेल. डिसेंबरमध्ये आणखी एक अट आली: असे करार एका वेळी एका वर्षापुरतेच.

पैशांवर पूर्ण बंदी का नको? तेच न्याय्य ठरलं नसतं का?

फायरफॉक्ससाठी ते जीवघेणं ठरलं असतं. मोझिलाचं २०२२ चं उत्पन्न ५९ कोटी डॉलरच्या आसपास होतं, त्यातले सुमारे ५१ कोटी अशा रॉयल्टीचे. मे २०२५ मध्ये कंपनीचे अर्थप्रमुख एरिक म्युलहाइम यांनी कोर्टात साक्ष दिली, की फायरफॉक्सच्या उत्पन्नातले सुमारे ८५ टक्के गूगलकडून येतात. आज वेबची पानं रंगवणारी मोठी इंजिनं तीनच आहेत: गूगलचं, अ‍ॅपलचं आणि मोझिलाचं. तिसरं बंद पडलं तर गूगलला आवरण्यासाठी केलेल्या उपायाने गूगलचाच एक प्रतिस्पर्धी कमी व्हायचा. अ‍ॅपलला २० अब्ज गेले तर त्याचं काही अडत नाही, मोझिलाचं सगळंच अडतं. दोघांना एकाच मापाने मोजणं चूक आहे.

भारतीय ब्राउझरलाही हा प्रश्न चुकणार नाही. भारतीय ब्राउझर बनवण्याच्या केंद्र सरकारच्या स्पर्धेत झोहो या सॉफ्टवेअर कंपनीने पहिला क्रमांक आणि १ कोटी रुपये मिळवले. ब्राउझर तयार करायला बक्षीस पुरेल, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या दर काही आठवड्यांनी, वर्षानुवर्षं द्याव्या लागतात. त्याचे पैसे कुठून येणार हे पहिल्या दिवशीच लिहून ठेवावं.

एआयमुळे हे सगळं जुनं होणार का?

जागा बदलतेय, व्यवहार तोच आहे. ७ मे २०२५ रोजी अ‍ॅपलचे वरिष्ठ अधिकारी एडी क्यू यांनी कोर्टात सांगितलं, की एप्रिलमध्ये सफारीतले शोध पहिल्यांदाच घटले. त्या दिवशी गूगलची मालक कंपनी अल्फाबेटचा शेअर सात टक्क्यांहून जास्त कोसळला. जुलैमध्ये एआयने उत्तरं देणाऱ्या पर्प्लेक्सिटीने स्वतःचा ब्राउझर आणला आणि त्याच महिन्यात एअरटेलच्या ग्राहकांना वर्षभर सशुल्क सेवा फुकट देऊ केली. ब्राउझरच्या चौकटीऐवजी सिम कार्डाच्या वाटेने केलेला हा वितरणाचाच करार आहे. मेहता यांच्या आदेशात गूगलच्या जेमिनी या एआय सेवेसाठीही 'फक्त आमचंच' ही अट घालायला मनाई आहे ती याचसाठी.

फुकट मिळालेल्या अशा सेवेत वर्ष संपल्यावर पैसे आपोआप कापले जाणार का, हे पहिल्याच दिवशी खात्यातल्या 'सबस्क्रिप्शन'मध्ये जाऊन बघा. कार्ड जोडलेलं असेल तर नूतनीकरण तिथेच बंद करून ठेवा.